ओ न देणारी

सदर कर्मचारी: जाई. वय बावन्न. हुद्दा: ट्रान्झिट केअर असोसिएट. कर्तव्य: विद्यार्थ्यांस वाहनात सुखरूप चढविणे व उतरविणे. संबोधन: संस्थेच्या मैत्रीपूर्ण ब्रिटिश परंपरेनुसार केवळ पहिल्या नावाने.

ही परंपरा सणसवाडीच्या पुढच्या माळावरच्या इंग्रजी शाळेत, एप्रिलच्या उन्हात, टाय आणि ब्लेझरसकट पाळली जाते. शिक्षकांना मात्र 'सर' आणि 'मिस' म्हणायचं. मैत्री शिपाई, आचारी आणि बसमधल्या बाईपासून सुरू होते आणि तिथंच संपते.

जाईबाई केंदूरच्या बौद्धवस्तीतल्या. त्यांच्या सासऱ्यांचं नाव म्हाळू. बागायतदार आनंदरावांच्या मळ्यातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना म्हाळ्या म्हणायची, आणि म्हातारा 'जी' म्हणून उभा राहायचा. तो गेला तेव्हा जाईबाईंनी ठरवलं, घरातलं तुटकं नाव त्याच्याबरोबर संपलं. म्हणून बसमधल्या पोरांनी "जाई, माय बॉटल" म्हटलं की त्या खिडकीबाहेर बघायच्या. पोरं हुशार. आठवड्यात सगळी 'जाईबाई' म्हणायला लागली. एका आईला ते गावंढळ वाटलं. तिनं मेल टाकला.

शाळेचे व्यवस्थापक सत्यजीतसर हे आनंदरावांचे चिरंजीव, म्हणजे त्याच पोरांतले एक. त्यांनी जाईबाईंना बोलावून समजावलं, की इंग्लंडात साहेबालाही नावानंच हाक मारतात.

"मग तुमाला सत्या म्हनू का?"

सत्यजीतसर पाणी प्यायले. सोमवारी लंडनहून बाई तपासणीला येतायत, त्यांच्यासमोर 'जाई'ला ओ दिली नाही तर मंगळवारपासून घरी बसायचं, असं ते म्हणाले.

"बसते की. घरी मला बाईच म्हनत्यात."

सोमवारी पोरं उतरून वर्गात गेल्यावर पाहुणीला बस बघायची होती. जाईबाई आत, दार त्यांच्या हातात.

"जाई," पाहुणी गोड आवाजात म्हणाली.

"जाई, दार उघड," सत्यजीतसर म्हणाले.

जाईबाई पलीकडचा माळ बघत राहिल्या. उन्हानं पाहुणी टोमॅटोसारखी लाल होऊ लागली. सत्यजीतसरांनी आजूबाजूला पाहिलं. ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं, पण ड्रायव्हर केंदूरचा होता.

"जाईबाई," ते शेवटी म्हणाले, "दार उघडा."

त्यांनी उघडलं. "या," म्हणाल्या.

पाहुणीही चढताना 'जाईबाई' म्हणाली. जरा वाकडं, पण पुरतं.

मंगळवारी जाईबाई बसमध्ये होत्या. गळ्यातल्या कार्डावर अजून 'जाई'च छापलेलं आहे. त्या नावाला शाळेत कुणी ओ देत नाही.