जहाज दिसेनासं होईपर्यंत

परवा शेजारच्या पोरांनी होळीच्या रंगासाठी पळसाची फुलं उकळायला घातली, आणि त्या वासासरशी मला नवापूरकडच्या आमच्या मिशन होस्टेलचा ओटा आठवला. परक्या देशी जाऊन धर्मासाठी जीव दिलेल्या, रक्तसाक्षी झालेल्या एका संताचं नाटक आम्ही मुलींनी बसवलं होतं. संत व्हायला जिला विचारावं ती तयार, कारण शेवटी झग्यावर रक्त म्हणून पळसाचं पाणी ओतायचं होतं. संताची आई व्हायला मात्र कुणीच तयार नव्हतं, तिला एकही वाक्य नव्हतं, म्हणून ती मी झाले. केरळच्या सिस्टर म्हणाल्या, "तू किनाऱ्यावर उभी राहा, जहाज दिसेनासं होईपर्यंत हात हलव." मी कोपऱ्यातल्या बाकावर चढले. संत गेला, मारला गेला, टाळ्या पडल्या, सगळे जेवायला पळाले. सिस्टर बाकं आवरायला परत आल्या, तर मी तशीच हात हलवत उभी. "अगं, उतर ना, नाटक संपलं!" मी विचारलं, "सिस्टर, तो परत येतो का?" त्यांनी माझा हात धरून हळूच खाली घेतला. गेल्या महिन्यात माझा मुलगा फादर होऊन दूरच्या मिशनवर गेला. नवापूरच्या फलाटावरून गाडी दिसेनाशी झाली तरी माझा हात वरच होता, आणि तो खाली घ्यायला कुणी नव्हतं.