शेततळ्यातले मोती आणि आमचे अप्पा

कुणी भेटलं की विचारतं, "सर, मोती निघाले का?" किस्से निघाले का, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर दोन्ही हातांनी देईन! मोत्याला शिंपल्यात वर्ष-दीड वर्ष लागतं. किश्श्याला आमच्या संस्थेची एक मिटिंग पुरते.

आमचं गाव केज तालुक्यात. पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेततळ्यात गोड्या पाण्यातले मोती पिकवायची सहकारी संस्था काढली. बाबाराव अप्पा अध्यक्ष झाले. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी, म्हणून सेक्रेटरी. तिथंच फसलो!

*

पहिल्याच दिवशी सभासदांना समजावलं. शिंपला उघडायचा, आत बारीक मणी ठेवायचा. तो मणी शिंपल्याला टोचतो, मग शिंपला त्याच्यावर चकाकीचे थर चढवत राहतो. तोच मोती.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते समदं खरं. पण स्वाती नक्षत्राचा थेंब कवा टाकायचा?"

"अप्पा, थेंबाचा काही संबंध नाही. ती दंतकथा आहे."

"आन मणी टोचल्यावर शिंपला दागिना करतो, ही काय हाय मंग? टोचलं की म्या तर शिव्या देतो!"

*

साचा वापरून गणपतीच्या आकाराचा मोती करता येतो, असं मी एकदा बोलून गेलो. अप्पांनी लगेच खिशातून स्वतःचा फोटो काढला. "गणपती समदेच करतात. ह्याचा साचा करा!"

केला. काय करता?

सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर शिंपला उघडला. थर इतके वेडेवाकडे चढले होते की कान फुगलेले, डोळे गायब आणि मिशी एका बाजूला घसरून थेट खाली लोंबलेली. तळ्यावर कामाला असलेल्या कौसाबाईनं भक्तिभावानं हात जोडले. "बाप्पा मोरया!"

अप्पा उखडले. "आगं, म्या हाय तो!"

मागून नाना म्हणाले, "मंग सोंड कुणाची?"

*

हे नाना संस्थेतले सगळ्यात वयस्कर सभासद. केजच्या बाजारात आम्ही स्टॉल लावला, तेव्हा हौसेनं सोबत आले. गिऱ्हाईक विचारायला लागलं, "खरा मोती ओळखायचा कसा?" मी म्हणालो, "सोपंय. दातावर हळूच घासा. खरा असला तर किंचित खरखरतो, नकली असला तर गुळगुळीत लागतो."

गर्दी जमली. लोक घासायला लागले, माना डोलवायला लागले. धंदा रंगात आला. तेवढ्यात नानांनीही एक मोती तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. आणि भर बाजारात ओरडले, "सर, घात झाला! समदे गुळगुळीत हायत! समदे नकली!"

गर्दी पांगली.

"नाना, तुमच्या तोंडात दात आहे का एक तरी?"

"न्हाई. पर हिरड्या माज्या लई पक्क्या हायत!"

*

मग एक पावसाळा कोरडाच गेला. तळं आटायला लागलं. शिंपले जगवायला टँकर मिळेल का, म्हणून अप्पा आणि मी एका हापिसात गेलो.

साहेबांनी विचारलं, "शिंपला म्हणजे काय धरायचं? माणूस, पीक, का जनावर?"

"जनावर," मी म्हणालो.

"मग टँकर कशाला? चारा छावणीत दाखल करा. कानाला बिल्ला मारून आणा."

"साहेब, शिंपल्याला कान नसतात."

"मग जनावर कसं म्हणता तुम्ही?"

बाहेर आल्यावर अप्पा माझ्यावरच चिडले. "कान न्हाईत, हे कावून सांगितलं तुमी?"

*

टँकर नाही तो नाहीच. आमची कौसाबाई हंगामात ऊस तोडायला जाते, एरवी तळ्यावर शिंपल्यांच्या जाळ्या धुते. ती घरच्या पाण्यातली एक घागर रोज तळ्यात ओतायची. मी म्हणालो, "बाई, एका घागरीनं काय होणार?"

"तोंडाला तर लागंल त्येंच्या."

दिवाळीच्या तोंडावर तळ्याचा तळ दिसला. शिंपले मेले. कौसाबाईनं चिखलात उतरून उरलेसुरले गोळा केले, आणि त्यातल्या एकातून मोती निघाला. गोल, गुलाबी झाक, आतून दिवा लावल्यासारखा! असा मोती मी फक्त पुस्तकात पाहिला होता.

केजच्या सराफानं भिंगातून बघितला आणि हसला. "हा तुमच्या तळ्यातला? विकत आणला असंल."

अप्पांच्या डोक्यात तिडीक गेली. "ह्याच्यात आमचाच मणी हाय! एक्सरे काढून दावतो!"

मला ओढत ते समोरच्या दाताच्या दवाखान्यात शिरले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

"मोती."

"कुत्र्याचे दात आम्ही बघत नाही."

"दात न्हाई वो! पोट बघायचंय त्याचं!"

डॉक्टर भला माणूस. पोट धरून हसला आणि एक्सरे काढून दिला. आत मणी नव्हता. नुसते थरावर थर. मी एक्सरे पुन्हा उजेडात धरला. "अप्पा, हा आपण केलेलाच नाही! हा शिंपल्यानं आपल्या मनानं केलाय! अस्सल नैसर्गिक! लाखात एखादा! आपल्या सगळ्या मोत्यांपेक्षा हा भारी!"

अप्पांनी एवढंच ऐकलं, की आपण केलेला नाही.

गावात आलो तर ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ट्रॅक्टर पारापाशी उभा. अप्पांनी मोती तळहातावर धरला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ह्यात आपला मणी न्हाई. म्हंजे ह्यो संस्थेचा न्हाई. ज्याचा आसंल त्यानं न्यावा!"

मी बोंबललो, "अप्पा, थांबा!" माझं कोण ऐकतं?

कौसाबाई ट्रॉलीतून खाली उतरली. मोती उचलला, उन्हात धरून पाहिला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"लेकीच्या नथीला एक कमी पडत व्हता," म्हणाली, आणि परत ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टर निघाला.

धुरळा खाली बसल्यावर अप्पांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं सर. इज्जत वाचली संस्थेची!"