साडभाऊंचा डावा स्पीकर

माझ्या साडभाऊंनी गेल्या वीस वर्षांत एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, आणि तरीही त्यांच्याएवढा गाण्याचा शौकीन उभ्या आरमोरी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरी धानाची शेती, नोकरी शाळेत कारकुनाची आणि उरलेला सगळा जन्म वायरी सोलण्यात. गाणं लागलं की मुखडा संपायच्या आत त्यांना डाव्या स्पीकरमध्ये काहीतरी खरखरल्याचा भास होतो आणि दातात वायर धरून ते अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे गडप होतात. त्यांच्या घरी मी कधी अंतरा ऐकला नाही. पाहिली ती त्यांची पाठ.

बैठकीत सागवानाच्या दोन ओंडक्यांवर दोन उभे स्पीकर आणि त्यांच्यामध्ये सबवूफर नावाची काळी पेटी. ही पेटी गात नाही, नुसती हादरते. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा छपरावरचे दोन कवेलू सरकले, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आडवा झाला आणि शेजारच्या काकूंनी जंगलाच्या दिशेला एकवार बघून गाय घाईघाईनं गोठ्यात घेतली. मग साडभाऊंनी कुठूनसं ज्ञान मिळवलं की जड आवाज खोलीच्या कोपऱ्यांत तुंबतो, तो शोषून घ्यायला तिथं भरीव काहीतरी हवं. झालं! चारही कोपऱ्यांत धानाची पोती छपरापर्यंत रचली गेली. तेव्हापासून त्या पोत्यांना हात लावायची सोय नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, यातलं एखादं मिलवर न्या की." तर म्हणाले, "ते खायचं धान नाई भाऊ. ते आवाजाचं धान आहे." घरात धानाचे डोंगर आणि बाई पिशवी घेऊन दुकानात तांदळाला! बाई म्हणजे माझ्या मेहुणीबाई. घरात सगळेच त्यांना बाई म्हणतात. गाणं चालू असताना मिक्सर लावायला बंदी, म्हणून चटणी पाट्यावर. फ्रीज गुणगुणतो, म्हणून तोही बंद. उन्हाळ्यात त्या घरचा चहा मी दोनदा नासक्या दुधाचा प्यायलो आहे, आणि पाहुणा असल्यामुळे चांगला झालाय असंही म्हणालो आहे.

खोलीच्या मधोमध एक खुर्ची. तिच्या चारही पायांभोवती फरशीवर ऑइलपेंटनं गोल काढलेले. "दोन्हीकडचा आवाज बरोबर इथीच भेटते," असं साडभाऊ सांगत. त्या खुर्चीवर बाईंनी जितके तास काढले तितके साडभाऊंनीही काढले नसतील. पण बाईंची नेमणूक ऐकण्यासाठी नव्हती, तपासणीसाठी होती. साडभाऊ मागून वायर हलवणार आणि ओरडणार, "कोण्या बाजूनं बोलून राह्यला?" बाई सांगणार, "डाव्या." जोड नीट बसला की लगेच हुकूम, "झालं. ऊठ वं आता." बाई उठून चुलीकडे. गाणं सुरू झालं की त्या आत भाकऱ्या थापत आणि गाण्याबरोबर गुणगुणत. आवाज गोड होता त्यांचा. साडभाऊंना तो अर्थातच ऐकू जात नसे, ते खरखर शोधत असत.

मागच्या वर्षी बाई एकदा खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "डावा मेला वाटते. अगदी बारीक येते." साडभाऊंच्या अंगात वीज संचारली. त्यांनी वायरी बदलल्या, डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे नेला, नागपूरला जाऊन नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. स्वतः बसले की दोन्ही बाजू ठणठणीत, बाई बसल्या की डावी गायब. तरी गृहस्थाचा स्वतःच्या कानावर विश्वास नाही. "मी बसलो का येते, तू बसली का जाते. जोड ढिला आहे कुठीतरी. तिचा कान नाई चुकत भाऊ." आम्ही पोट धरून हसलो. माझ्या बायकोचं दुखणं वेगळंच. बाई हल्ली हाकेला ओ देत नाही, मोठी झाली आता, म्हणून ती वर्षभर बहिणीवर रुसलेली.

दिवाळीनंतर आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, तेव्हा साडभाऊ नेहमीसारखे वायरींत होते. बाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. उजेड दारातून येत होता, म्हणून त्यांनी खुर्ची दाराकडे फिरवून स्पीकरकडे पाठ केली होती. साडभाऊंनी विचारलं, "आता डावा?"

"हो, आता बोलून राह्यला तो. पण दुसरा मेला."

मी खो खो हसलो. साडभाऊ हसले नाहीत. त्यांनी गाणं बंद केलं, हळूच बाईंच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अवो." बाई खडे वेचत राहिल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं, "अवो." माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. माझं हसू मला फार दिवस बोचत राहिलं.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस गेली, आता परत यायची नाही.

परवा गेलो तर खोली ओळखू येईना. दोन कोपऱ्यांतली सगळी पोती मिलवर गेली होती. एका स्पीकरवर गाणं ऐकणं म्हणजे एका पायात चप्पल घालून वरातीत नाचणं, असं उभा जन्म सांगणाऱ्या माणसानं दोन्ही बाजूंचं गाणं एकाच स्पीकरमध्ये आणलं होतं आणि तो खुर्चीच्या उजवीकडे ठेवला होता. गाणं लागलं. बाईंनी सवयीनं सांगितलं, "येऊन राह्यला," आणि सवयीनंच उठल्या.

"बस वं," साडभाऊ त्यांच्या समोर येऊन म्हणाले. "गाणं बाकी आहे अजून."

बाई बसल्या. डाव्या स्पीकरचा ओंडका आता रिकामाच होता, त्यावर साडभाऊ बसले. आवाज भिकार होता, मध्ये दोनदा खरखरलासुद्धा, पण ते जागचे हलले नाहीत. त्या घरात मी पहिल्यांदाच अंतरा ऐकला.