हुस्नाबी आणि बोनसमधली कपात

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये पट्टा तुटला की मजुराच्या पगारातून कापत, पातं मोडलं तरी कापत. त्यामुळे कपात म्हणजे दंड, एवढंच हुस्नाबीला ठाऊक. तिचा नवरा सरदारमियाँ तिथला हेडफिटर. त्यांच्या पगारातून मात्र कधी छदाम कापला गेला नव्हता. त्या साली दिवाळीला पहिल्यांदाच भरघोस बोनस मिळाला आणि नेमके त्यातूनच पैसे कापले.

"काहून कापले?"

"मुनीमजी म्हणे, कायद्यानं. मले काय समजते?" सरदारमियाँ जेवायला बसले, पण भाकरी नुसती चिवडत राहिले.

दोघांच्या मनात एकच होतं. गेल्या हिवाळ्यात जिनिंगमध्ये कापसाला आग लागली होती. कापसातला खडा मशीनच्या पात्यावर घासून ठिणगी उडाली, असं ठरून प्रकरण मिटलं. पण त्या वेळी सरदारमियाँ मशीनपाशी नव्हते. घरी त्यांची लेक जमिला बाळंतपणात अडली होती. कोणाला न सांगता ते धावत आले होते. कळलं असतं तर नोकरी राहिली नसती.

"इचारायले गेलो तं खपली निघंल. चूप राह्य," ते म्हणाले.

हुस्नाबीला चूप राहवेना. आज दंड केला, उद्या हंगामाच्या तोंडावर काढूनच टाकलं तर? दुसऱ्या दिवशी बुरखा चढवून ती मॅनेजरच्या घरी मागल्या दाराने गेली. त्यांची बायको, सत्यभामाबाई, चकल्या तळत होती.

"बाई, साहेबाले सांगा. पैसे कापले तं कापले, पण नोकरीवरून काढू नका म्हणा. पोरगी मरून राह्यली होती, म्हणून ते मशीन सोडून आले. बाप हाय तो."

आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आले. "दंड कोण म्हणालं? अहो, हा इन्कमटॅक्स. नुसत्या पगारावर बसत नव्हता. बोनस धरला तर वर्षाची कमाई हद्दीपल्याड गेली. मग सरकारचा वाटा आम्हालाच आधी कापून भरावा लागतो. माझाही कापलाय. हिला विचारा, कालपासून माझ्याशी धड बोलत नाही."

हुस्नाबीला हसू फुटलं. साहेब मात्र हसत नव्हते.

"आग लागली तेव्हा सरदारमियाँ मशीनवर नव्हते?"

तिने बुरखा सावरला आणि तडक घर गाठलं.

"टॅक्स?" सरदारमियाँचा चेहरा उजळला. "या अल्ला! आपण एवढे अमीर झालो अन् आपल्यालेच खबर नाही!"

मग तिने उरलेलं सांगितलं. उठून त्यांनी टोपी घातली.

"कुठी चालले जी?"

"साहेबाकडे. बोलावणं येईपर्यंत कायले थांबू?"

"काढून टाकलं तं?"

"तं यवतमाळले जाऊ. फिटरले काम भेटतेच." पण चपलेत पाय धड शिरेना. हुस्नाबीने खाली वाकून ती सरळ करून दिली आणि स्वतःही बाहेर पडली.

"तू कायले येतं?"

"पोरगी एकट्या तुमचीच हाय का?"