कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

“हात लावू नकोस म्हटलं ना! बंद कर आधी.”

“बंद काय कर? दोन दिवस डोकं फोडतोय मी याच्यापुढे, आणि तू आल्या आल्या हुकूम सोडतेस?”

“मग बस त्याला कुरवाळत. मला कशाला बोलावलंस, दादा?”

दादानं मुकाट्यानं कॉम्प्युटर बंद केला. धाकटीला बरं वाटलं. अजून बरं वाटायचं होतं.

ऑफिसात तिला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. कुणाचा कॉम्प्युटर अडला की ती आधी माणसालाच तपासायची: कधीपासून, काय दिसलं, त्याआधी काय केलंत? लोक खोटं बोलत, कॉम्प्युटर बोलत नसे. दोघांमधली फट शोधण्यात तिची हयात चालली होती.

हे दुकान मात्र वडिलांचं, दारावरच्या पाट्या कोरायचं. कोरायचं मशीन जुनं, त्याला जुनीच विंडोज समजे. जुना कॉम्प्युटर मेला तेव्हा धाकटीनंच नव्याच्या पोटात एक अख्खा जुना कॉम्प्युटर वसवला, व्हर्च्युअल मशीन. वडील महिनाभर गिऱ्हाइकांना हात धरधरून दाखवत होते. ते गेले, आणि दादानं पासवर्ड बदलला. “तुझं आता तुझ्या घरी बघ,” म्हणाला. दुकानावर नवी पाटी चढली, एकट्याच्या नावाची.

“हं, सांग. आधी काय दिसलं?”

“आतला कॉम्प्युटर जागीच थांबला. डिस्क भरली म्हणे.”

“मग?”

“मग जागा केली.”

“कशी?”

दादा कानामागं खाजवू लागला. “एक फाईल होती. भली दांडगी, जुनीपुराणी. नुसती लोळत पडलेली. काढून टाकली.”

“कचरापेटीत?”

“तिथं मावेना. कायमचीच काढली. पण नव्या आहेत ना! तूच शिकवलेले स्नॅपशॉट. एकूण एक जपलेत मी.”

धाकटीला हसू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही.

“अरे शहाण्या, स्नॅपशॉटमध्ये नुसते नंतरचे बदल असतात. बाकी सगळं त्या लोळणाऱ्या फायलीत होतं. तू पाया उपसून फेकलास आणि गच्ची जपून ठेवलीस!”

“परत नाही आणता येणार?”

“त्याच क्षणी बंद केला असतास तर कदाचित. नंतर काय काय केलंस?”

“गेलेल्या फायली परत आणणारी सॉफ्टवेअरं उतरवली. चार-पाच.”

“याच डिस्कवर?”

“मग काय हवेत उतरवू?”

“म्हणजे तिच्या रिकाम्या जागेवर पाहुणे आणून बसवलेस. आता ती कुठून उठून येणार?”

दादा खुर्चीत बसला तो बसलाच. पाट्यांची सगळी अक्षरं, सगळे नमुने आतच होते. शेजारी मशीन सुई वर करून गप्प उभं.

धाकटीच्या घरी, कपाटात, त्या आतल्या कॉम्प्युटरची पुरी कॉपी होती. पासवर्ड बदलायच्या आदल्या दिवशी घेतलेली. दादाचं असं तोंड बघायला मिळावं म्हणूनच तिनं तिच्याबद्दल आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आता तोंड समोर होतं, उतरलेलं, थेट वडिलांसारखं. तिला राहवेना.

“दादा, ऐक...”

फोन वाजला. पलीकडे शाळेचे हेडमास्तर, वर्गांच्या पाट्यांसाठी तगादा लावणारे.

“अहो सर, काळजी कसली करता!” दादाचा आवाज एकदम फुलला. “ती सगळी यंत्रणा मीच तर बसवलीय. नस न् नस ठाऊक आहे मला. नाही नाही, दुसरं कोण करणार? माझ्याशिवाय इथं हे कळतंय कुणाला?”

बोलता बोलता त्यानं धाकटीला डोळा मारला. गंमत म्हणून. मग फोन ठेवून हात चोळत म्हणाला, “हं, काय म्हणत होतीस? कॉपी असेल ना गं तुझ्याकडे? तू ठेवतेसच!”

धाकटीनं पर्स खांद्याला अडकवली.

“अगं, आहे की नाही? आहे की नाही ते तरी सांग!”

ती पायरी उतरून रस्त्याला लागली.