माहेरी गेलेलं चित्र

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या. पण चित्राची ती चोरी अजून डोळ्यांसमोर आहे.

मी बेळगावात इन्स्पेक्टर होतो. खासबागेतल्या कला प्रदर्शनाच्या हॉलमधून एक चित्र गेल्याची तक्रार घेऊन तिथले चिटणीस ठाण्यात आले. हॉल जुना. देव आणि राजे यांखेरीज भिंतीवर काही लावू न देणाऱ्या संस्थेशी भांडून काही तरुण चित्रकार बाहेर पडले आणि सुताच्या गोदामाला चुना मारून त्यांनी हा हॉल उभा केला. बंदोबस्ताला मी त्या रस्त्यावर कितीदा उभा राहिलो असेन, पण आत पाऊल टाकलं ते पंचनाम्यासाठीच. बाजारातल्या बायका, विणकर, म्हशी! भिंतीवर सगळी आपलीच माणसं. गेलेलं चित्र होतं तंबाखूची पानं बांधणाऱ्या एका मुलीचं.

कुलूप शाबूत होतं, म्हणजे चित्र दिवसाढवळ्या गेलं होतं. समोरच्या चहावाल्यानं आमच्या हवालदाराला खबर दिली, "एक म्हातारा चादरीत फळीगत कायतरी गुंडाळून निघालता. निपाणीची गाडी कुठं लागती, मलाच विचारलं त्यानं."

तेव्हा चिटणिसांना आठवलं. निपाणीकडचा एक शेतकरी चित्र दोन दिवस घरी न्यायला मागत होता. नियमात बसत नाही म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं होतं.

निपाणी ठाण्याकडून त्याचं घर शोधून घेतलं आणि चिटणिसांना घेऊन आम्ही निघालो. ते चित्र काढणारे चित्रकार त्या फुटून निघालेल्यांपैकी एकटेच उरले होते. तेही हट्टानं जीपमध्ये बसले.

शेतकरी दारातच भेटला. मी दरडावलं, "चित्र कुठं आहे?"

"आत हाय साहेब. आक्का बघतीया. तिचं बघून होऊ द्या, मग मला न्या."

पुढं फार विचारावं लागलं नाही. चित्रातली मुलगी म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. आपलं चित्र बेळगावात लागलंय एवढं तिनं ऐकलं होतं, जाणं कधी झालं नाही. आता खुबा मोडून ती अंथरुणाला खिळली होती, नजरही चालली होती. "फोनात दावलं, तिला दिसंना. अगदी तोंडाजवळ धरावं लागतंय."

आत आक्का चित्र नाकाला लावून बघत होती. चित्रकार शेजारी बसले. त्यांना ओळखल्यावर ती म्हणाली, "नाक लई मोठं काढलंय की रं माझं!"

"व्हय आक्का. तवा नीट येत न्हवतं," म्हणत त्यांनी डोळे पुसले.

चिटणीस नियमाचं बोलू लागले, तसे चित्रकार हसले. "अरे, नियम मोडूनच आम्ही हॉल काढला ना? आक्का आहे तोवर चित्र इथंच राहील. तिकडं पाटी लाव, 'चित्र माहेरी गेलं आहे.'"

चिटणिसांनी तक्रार मागे घेतली. मी स्टेशन डायरीत 'चित्र मिळून आले' एवढंच लिहिलं.

वस्तू चोरीला गेली की आम्ही तिची किंमत विचारतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आणखी एक गोष्ट आधी विचारत आलो: ती कुणाची कोण लागते?