एकाच हातची गाडी

"पोरीले इंग्रजी येते ना? मंग तिच्याच हातानं लिहून घ्या, साहेब. नागपूरच्या पेपरात इंग्रजीत आलं का गिऱ्हाईक दुरून येते. अन् आपल्याले दुरूनच पायजे."

मी चहाचा ट्रे घेऊन पडद्यामागे उभी होते. बोलणारा गृहस्थ जुन्या मोटारी आणि लॉऱ्या विकून देणारा दलाल होता. त्या आठवड्यात तो दुसऱ्यांदा आमच्या ओसरीवर येऊन बसला होता. शेवटचं वाक्य त्याने आवाज उतरवून म्हटलं, आणि म्हणूनच ते मला नीट ऐकू आलं. जवळचं गिऱ्हाईक मिळणारच नव्हतं. बोरगावापासून पवनारपर्यंत, त्या हिरव्या गाडीत काय घडलं हे ठाऊक नसलेलं माणूस उरलं नव्हतं. मी पडदा सारून चहा ठेवला, तेव्हा बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दुपारी जरा वही घेऊन बैस."

मी आता नागपूरला राहते. माझ्या खोलीमागच्या रस्त्याने तेलाच्या गिरणीकडे सरकी भरलेल्या बैलबंड्या जातात. तो जाडसर, तेलकट, किंचित कुबट वास खिडकीतून आत आला की पुस्तकातली ओळ माझ्या डोळ्यांसमोरून सुटते आणि मी वर्ध्याच्या त्या आवारात जाऊन उभी राहते. बाबा जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे मॅनेजर होते. आमचं घर कारखान्याच्या आवारातच होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे कापसाचे तंतू उडत राहायचे. खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या पातळांवर ते अलगद बसायचे. नवख्या माणसाला ते सुंदर वाटे. आम्हाला फक्त खोकला यायचा. आवाराच्या टोकाला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये दादाची गाडी होती.

साहेब लोक देश सोडून निघाले त्या दिवसांत, कापूस खरेदीला येणाऱ्या एका तरुण इंग्रजाकडून दादाने ती घेतली. दोनच माणसांची, बसकी, लांब नाकाची. चाकांना सायकलसारख्या तारा, डोक्यावर मिटवता येणारं कापडी छप्पर, आणि पुढचं झाकण आवळून धरणारा चामड्याचा पट्टा. गावातली पोरं तिला बेडकी म्हणायची. दादा पट्ट्याला एरंडेल चोळायचा, तारा एकेक करून पुसायचा आणि मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असले की उगाच मोठ्याने म्हणायचा, "वाच, वाच. एवढी पुस्तकं वाचून शेवटी या गाडीचं मॅन्युअल तूच मला समजावून सांगणार आहेस." आणि खरंच, ते मॅन्युअल मीच त्याला वाचून दाखवलं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात राहून शिकलेली. सुट्टीत घरी आले की माझं मराठी दोन दिवस अडखळायचं. पाहुण्यांसमोर ते अडखळू नये म्हणून मी बोलणंच टाळायचे. आत्या मला मुकी म्हणायची. त्यात तिचा दुष्टावा नव्हता, आणि मलाही ते नाव सोयीचं होतं.

कापसाच्या ऐन हंगामात, भर दुपारी, पवनारच्या अलीकडे कापसाने भरलेली एक बंडी रस्त्यात आडवी आली. दादाने बैलांना वाचवायला गाडी डावीकडे घेतली आणि ती बाभळीवर गेली. बंडीवाला धावत आवारात आला आणि बाबांना त्याने आधी सांगितलं, की बैल वाचले. बिचाऱ्याला दुसरं काय आधी सांगावं ते सुचलं नसेल. बाबा त्यावर "बरं झालं" म्हणाले. मग त्यांनी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

गाडी बैलांच्या दोन जोड्यांनी ओढत आणली. तेरावा उरकल्यावर आईला वाटलं, आता ती भंगारात जाईल. पण बाबांनी कारखान्याच्या मिस्त्रीला बोलावून ती खोलायला सांगितली. गाडीचा खालचा सांगाडा, ज्याला मिस्त्री चाशी म्हणायचा, धनुष्यासारखा वाकला होता. तो सरळ करायचं यंत्र वर्ध्यात कुठून असणार? पण आमच्याकडे रुईच्या गाठी दाबायचा प्रेस होता. जो प्रेस खोलीभर कापसाला हातभर जाडीच्या गाठीत बसवतो तो चार बोटं लोखंड सहज बसवेल, असं सगळ्यांनाच वाटलं. कापसात आयुष्य गेलेल्या माणसांना ते वाटणं साहजिक होतं. भट्टीत तापवून, प्रेसखाली घालून, पुन्हा तापवून त्यांनी ती चाशी ओळंब्याला लावली. पत्रा ठोकला. नागपूरहून तोच हिरवा रंग आणला. त्याला जवळजवळ वर्ष लागलं. रोज संध्याकाळी बाबा शेडमध्ये स्टूल टाकून बसायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे, आणि एखादा सांधा नीट जुळला की मान हलवायचे. शेवटी गाडीवर ओरखडाही उरला नाही. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

मिस्त्रीने मात्र एकदा मला विहिरीपाशी गाठलं. "ताई, तुमी शिकेल आहा म्हणून सांगतो," तो म्हणाला. "दिसाले सरळ आहे. हळू चालवली तं काई नाई. पण वेगात ब्रेक मारला का डाव्या अंगाले ओढते. म्या साहेबाले सांगतलं. ते म्हणे, पुन्हा हे तोंडातून काढू नको." मी नुसती मान हलवली. त्याला वाटलं असेल, ही वडिलांना सांगेल. मी काहीच सांगितलं नाही.

त्या दुपारी वही घेऊन बसले. बाबा मराठीत सांगत होते आणि मी इंग्रजीत लिहीत होते. दुर्मिळ विलायती स्पोर्ट्‌स मॉडेल. साहेबाकडून घेतल्यापासून एकाच हातची. कायम सावलीत ठेवलेली. अपघात नाही. मग ते थांबले, खिडकीबाहेरच्या धुराड्याकडे बघत म्हणाले, "विकण्याचं कारण लिहावं लागेल. मालक पुढच्या शिक्षणाला विलायतेला गेला, असं लिही." मी तेही लिहिलं. वळणदार, तिरप्या, नन्सनी छडी मारून शिकवलेल्या अक्षरात. हेच वाक्य मराठीत लिहायला सांगितलं असतं तर मला ते जमलं नसतं. पण इंग्रजीत आमच्या घरात कुणी रडलं नव्हतं. त्या भाषेत दादाला आगबोटीवर चढवणं सोपं होतं.

बाबांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पैशाची ओढ त्यांना नव्हतीच असं नाही, पण ती थोडी होती. सरळ झालेली चाशी, नवा रंग, "अपघात नाही" हे छापील शब्द, या सगळ्यांनी मिळून त्यांना काहीतरी सिद्ध करायचं होतं, आणि ते गिऱ्हाइकाला करायचं नव्हतं. कुणी परका माणूस येऊन, गाडीभोवती फिरून, "हिला काहीच झालेलं नाही" असं म्हणणार होता. ते शब्द ऐकायला बाबा आसुसले होते.

पत्रं पुष्कळ आली. दलाल खुशीत आला. विलायती मोटारी आणायला सरकारी परवाना लागू लागला होता आणि तो मिळणं दुरापास्त झालं होतं. "पुऱ्या मुलुखात अशा दोन नाई निघायच्या, साहेब," तो सुपारी कातरत म्हणायचा. "लोकं काई गाडीचे पैसे देत नाईत. दुसऱ्यापाशी नाई, याचे देतात. आता ही जितकी म्हातारी होईन, तितकी भाव खाईन." जगात एकच उरलेल्या वस्तूची किंमत वाढते, हे मी त्या ओसरीवर शिकले. एकच असलेला मुलगा गेल्यावर काय होतं, ते आत स्वयंपाकघरात दिसत होतं. आई भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि तवा धुराने भरून जायचा.

दलालाने त्या पत्रांतून अकोल्याचा एक तरुण डॉक्टर निवडला, कारण अकोला पुरेसं दूर होतं. डॉक्टर सकाळच्या आगगाडीने आले, बरोबर बायको. लग्नाला वर्षही झालं नसावं. ते येण्याआधी मी दादाचा फोटो बैठकीतून काढून, चंदनाच्या हारासकट, आईच्या लुगड्यांखाली ठेवला होता. भिंतीवर चुन्याचा एक पांढरा चौकोन उरला. आईने त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं.

डॉक्टर गाडीभोवती तीनदा फिरले. बॉनेटच्या पट्ट्यावरून त्यांनी बोट फिरवलं, ते अगदी दादासारखंच. दलाल म्हणाला, "पाहा डाक्टरसाहेब, नव्या नवरीवानी आहे. उन्हात काढली नाई कधी!"

"मग नवरीचं वय खरं सांगा," डॉक्टर हसून म्हणाले.

"वय मी सांगतो, भाव तुमी सांगा!"

सगळे हसले. बाबाही. मग डॉक्टरांनी कापसाच्या ढिगांमधून आवारात दोन फेऱ्या मारल्या. ढीग, बंड्या, कामकरणी बाया, यांतून वेग घेता येणारच नव्हता. गाडी मांजरासारखी चालली. खाली उतरून ते बाबांना म्हणाले, "हिला काही झालेलंच नाही हो. जशी आली तशी आहे." बाबांचे डोळे भरून आले. डॉक्टरांना वाटलं, मुलाची आठवण झाली. ते खरंच होतं.

त्यांची बायको स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली होती. माझ्याच वयाची, गोल चेहऱ्याची, हातात अजून हिरवा चुडा. तिला गप्प बसता येत नव्हतं. "मले तं भेवच वाटते बाई या गाडीचं. जमिनीले टेकल्यावानी चालते. पण आमच्या यायले कोण सांगन? झोपेत बी गाडी, गाडी. सासूबाई म्हणतेत, सवत आणून राह्यला तुह्यासाठी!" स्वतःच हसली आणि मला म्हणाली, "तुमी काऊन बोलत नाई वं? भाऊ दूर गेले म्हणून का? कधी येतीन ते परत?"

मी आईकडे पाहिलं. आई तिच्या ओटीसाठी सुपात तांदूळ घेत होती. तांदळातला खडा निवडून तिने बाजूला ठेवला आणि म्हणाली, "त्याचं काही लिहून आलं नाही अजून."

इतक्या सहज म्हणाली की त्या मुलीने "येईन, येईन, विलायत का जवळ आहे?" असा तिला धीर दिला. मग ओटी पदरात घेताना ती म्हणाली, "काकू, एक सांगू? आमच्याकडं बैल विकला तरी घरची बाई त्याले कुंकू लावते, पोळी चारते, मंगच दोर दुसऱ्याच्या हाती. तुमच्या हातानं गाडीले कुंकू लावून द्या नं. मंग मले भेव नाई वाटणार."

त्या दिवसानंतर बाबांनी मला कधी काही लिहायला सांगितलं नाही. आम्ही एकमेकांशी बोलतो, हवापाण्याचं, परीक्षेचं. ते थकले आहेत. घरी गेले की मला स्टेशनवर घ्यायला येतात, माझी पेटी माझ्या हातून काढून घेतात, आणि आमच्यामध्ये ती पेटी असते. काळ सगळं भरून काढतो म्हणतात. मला दिसतं ते एवढंच, की काळाबरोबर आपण त्या जागेला वळसा घालून चालायला शिकतो, आणि पुढे तो वळसाच वाट होऊन बसतो. कधी वाटतं, मी गप्प राहिले असते तर निदान एक माणूस आपला भ्रम घेऊन सुखाने म्हातारा झाला असता. हा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे, आणि प्रत्येक वेळी त्या हिरव्या बांगड्यांपाशी येऊन थांबले आहे.

तर त्या दिवशी आईने तबक घेतलं. हळदकुंकू, अक्षता, एक झेंडू. ती अंगणातून शेडकडे चालत निघाली, तशी कामकरणी बायांची बोलणी एकेक करून बंद पडत गेली. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. दलाल जमिनीकडे बघू लागला. मिस्त्री प्रेसच्या दारात उभा होता. त्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. डॉक्टर चालकाच्या जागेवर बसले होते आणि त्यांची बायको डाव्या बाजूला, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, एका हाताने दार धरून. "चांगली दिसतो का वं?" तिने मला विचारलं.

आईने कुंकवात बोट बुडवलं. हात बॉनेटवर नेला आणि तिथेच, पत्र्यापासून वीतभर वर, तो राहिला. कुंकवाचा एक कण हिरव्या रंगावर पडला. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा धुराड्याकडे पाहत होते. डॉक्टरांना वाटलं, म्हातारीला मंत्र आठवत नसेल. त्यांनी आदराने हात जोडले आणि मग चावी फिरवण्यासाठी ते वाकले.

मी पुढे झाले आणि त्या मुलीच्या बाजूचं दार उघडलं. माझा आवाज चिरका आला, मराठी अडखळलं, पण आवारातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"वहिनी, तुम्ही खाली उतरा. माझा दादा विलायतेला नाही गेला. तो याच गाडीत मेला, आणि जोरात ब्रेक दाबला की ही अजून डावीकडे ओढते."